मागच्या डाव्या चाकाचा आवाज

संगमनेरला पुणे नाक्यापाशी शांतवन साळवेचं गॅरेज आहे. गाडी दारात शिरता शिरताच तिचं दुखणं ओळखणारा माणूस, अशी त्याची ख्याती. आणि ती त्याला स्वतःलाही मान्य होती. सव्वीस वर्षांत त्याचा कान चुकला नव्हता.

मंगळवारी सकाळी निकिता वाकचौरे तिची पांढरी गाडी घेऊन आली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, नेमकं बोलणारी बाई. गाडी तिनं महिन्यापूर्वी जुनीच घेतली होती.

"चालताना काही नाही," ती म्हणाली. "थांबून बंद केली, की मागून कुरकुरतं आणि मग टक होतं. निघायच्या आधी पुन्हा तेच. दुपारी वडिलांना नाशिकला तपासणीला न्यायचंय. दोन महिन्यांपूर्वी बायपास झालीय त्यांची. रस्त्यात धोका नको. न्यावी की नको, तेवढं सांगा."

"बाराच्या आत सांगतो. आवाज खोटं बोलत न्हाई, मॅडम."

ती गेल्यावर तो मागच्या चाकांपाशी बसला. टायर आणि मडगार्ड यांच्यात उजवीकडे चार बोटं फट होती. डावीकडे दोन. गाडी तर रिकामी.

"स्प्रिंग बसलीय," तो स्वतःशीच म्हणाला आणि खूश झाला.

जॅक लावून त्यानं दोन्ही स्प्रिंगा काढल्या, फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. सुताएवढाही फरक नव्हता. तरी त्यानं डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे बसवली, जॅक खाली घेतला.

उजवीकडे चार बोटं. डावीकडे दोन.

डिकी रिकामी केली. स्टेपनी काढून ठेवली. बेअरिंग, ब्रेक, एकेक बोल्ट पान्यानं तपासला. सगळं ठणठणीत. त्याला भीती वाटली नाही, राग आला. त्यानं हात पुसले आणि गाडी चंदनापुरी घाटाकडे काढली.

ऊन चांगलंच तापलं होतं. गाडी सुतासारखी सरळ चालत होती. दोनदा जोरात ब्रेक मारून पाहिला, जागेवर थांबली. फक्त गतिरोधकावरून जाताना मागची डावी बाजू किंचित उशिरा वर यायची, भरल्या गाडीची येते तशी. काचा उघड्या होत्या, तरी आत नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा ओलसर वास होता. आरशात मागची सीट रिकामी दिसत होती.

घाटाच्या पायथ्याशी, एका बाभळीखाली, त्यानं गाडी थांबवून बंद केली आणि कान दिला.

कुर्र... टक.

तो उतरून मागे गेला. डावीकडे बोटं घातली. चार.

रस्त्याच्या कडेला वाळलेलं गवत. वर माळ. माणूस नाही.

हा आवाज शांतवनच्या ओळखीचा होता. रोज शंभरदा ऐकलेला. आजवर त्याला तो कधी आवाज वाटलाच नव्हता, इतका साधा. गाडीतून माणूस उतरलं की स्प्रिंग असाच आवाज करते.

तो तिथेच उभा राहिला. वारा नव्हता. मिनिट गेलं असेल.

कुठलंही दार उघडलं नाही.

कुर्र... टक.

डावी बाजू त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेली. अलगद. घाई नसल्यासारखी.

त्यानं पुन्हा बोटं घातली नाहीत. चालकाच्या जागी बसला, आरसा वर फिरवून ठेवला आणि तीस-पस्तीसच्या वेगानं, खड्डे चुकवत, गाडी परत आणली.

बारा वाजता निकिता वडिलांना घेऊन रिक्षानं आली. आबासाहेब बारीक चणीचे, काठी घेतलेले, पण नजर लख्ख.

"काय ठरलं?"

शांतवननं क्षणभर विचार केला. मग त्याला जे पक्कं ठाऊक होतं, तेच तो बोलला. "ब्रेक, स्टेअरिंग, चाकं, सगळं एक नंबर. बिनधास्त न्या."

"आणि आवाज?"

"आवाज गाडीचा न्हाई."

तिला तेवढंच हवं होतं. ती चालकाच्या जागी बसून दवाखान्याला फोन लावू लागली. आबासाहेबांनी मागचं डावं दार उघडलं, आत वाकले, आणि तसेच थांबले. मग ओशाळल्यासारखे मागे सरले.

"बसा, बसा," ते आत बघून म्हणाले. "उठू नका. मी बसतो पुढं."

काठी टेकत ते पुढच्या दाराकडे वळले. मागचं दार उघडंच राहिलं होतं. शांतवननं ते लावलं. आतल्याचा हात सापडू नये म्हणून लावतात तसं, जपून.