कुंपणाकडे तोंड केलेला दगड

जेवणं आटोपली होती. आर्विलआजोबांच्या ओसरीवरचा दिवा किड्यांमुळे मालवला होता, आणि ओहायोहून आलेली नातवंडं अंधारातच पायऱ्यांवर टेकली होती. उद्या डेकोरेशनचा रविवार. डोंगरावर जायचं, थडग्यांवर फुलं वाहायची, आणि तिथंच मोठ्या झाडाखाली सगळ्या घराण्यानं मिळून जेवायचं. आत टेबलावर मेणात बुडवलेली कागदी फुलं सुकत पडली होती. त्यांचा वास ओसरीपर्यंत येत होता.

कोल्टननं नळीत थुंकून, आपले पूर्वज कुठले ते तपासून घेतलं होतं. तो सगळ्यांना मोबाईल दाखवत होता. "आजोबा, मी थोडा स्कॉटिश निघालो!"

"आणि बाकीचा आळशी," त्याची बहीण ब्रायली म्हणाली. "आजोबा, भुताची गोष्ट सांगा ना. पण ती अस्वलाची नको. त्या अस्वलाच्या पायात तुमचे बूट होते, हे आईनं आम्हाला केव्हाच सांगितलंय."

आजोबा हसले.  खाली ओढ्याशी रातवा पक्षी ओरडत होता.

"अस्वलाची खोटी होती," ते म्हणाले. "ही खरी आहे. तुमची आजी हॅडिक्स घराण्यातली, म्हणून तुम्हालाही ती ठाऊक असायला हवी. आपल्या शेजारच्या लोरीनची गोष्ट. तुमच्या आजीची चुलत बहीण."

"शाळेची बस चालवायची ती?"

"तीच. गेल्या वर्षी तुम्ही आला नव्हता. गेल्या वर्षी, आजचीच रात्र. डेकोरेशनच्या आधीचा शनिवार, चोवीस मे."

आणि आजोबांनी सांगायला सुरुवात केली.

*

लोरीन हॅडिक्सला घराण्याचा शोध घ्यायचं वेड होतं. बस चालवून घरी आली की जेवण उभ्या उभ्या व्हायचं आणि ती कॉम्प्युटरपुढे बसायची. सुट्टीत तीन तीन राज्यं पालथी घालायची. बेअरपेन खोऱ्यात पहिला हॅडिक्स खेचरावर बसून आला, तिथपासून आजच्या तान्ह्या बाळापर्यंत सगळी नावं तिनं जुळवली होती. लोक तिला मान द्यायचे. लग्नात, बारशात कुणीही विचारायचं, "लोरीन, हा आपला कोण गं?" आणि ती डोळे मिटून सांगायची.

फक्त एका जागी ती अडखळायची. तिच्या आजोबांपाशी.

आजोबांचं नाव एल्काना. सगळं खोरं त्यांना सायलस आणि मेहाला यांचा एकुलता एक मुलगा म्हणून ओळखायचं. पण लोरीनची ओव्हाआत्या म्हणजे एल्कानाची मुलगी, आणि तिनं मरायच्या आधी लोरीनचा हात धरून वेगळंच सांगितलं होतं. मेहालाला मूल झालंच नव्हतं. एल्काना सायलसच्या बहिणीचा, अर्मिंटाचा. लग्न न झालेल्या अर्मिंटाचा. भावानं आणि वहिनीनं मूल आपलं म्हणून वाढवलं. आणि अर्मिंटा त्याच घरात मोलकरणीसारखी राबली. तिचाच मुलगा तिला आत्या म्हणायचा.

"अर्मिंटा मरायला टेकली होती ना, मी तिथं होते. लहान होते," ओव्हाआत्या म्हणाली होती. "तिनं बाबांना 'बाळा' म्हणून हाक मारली. बाबा म्हणाले, 'काय गं आत्या?' ...तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग पुन्हा बोललीच नाही. लोरीन, तू लिहितेस ना सगळं? हे लिही. शब्द दे मला."

लोरीननं शब्द दिला.

आणि लिहिलं नाही.

असं नाही की विसरली. भावापाशी, होबर्टपाशी एकदा बोलली होती. होबर्ट तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण घराण्यात शब्द त्याचाच चालायचा. तो म्हणाला, "म्हणजे आपलं नाव आलं कुठून? बापाकडून नाही, त्या बाईकडून? ताई, हे तू भर सभेत सांगणार? आपले वडील थडग्यातून उठून बसतील!" लोरीन गप्प बसली. तिच्या वंशावळीच्या तक्त्यात अर्मिंटाच्या नावापुढे तिनं लिहून टाकलं, अविवाहित, मूलबाळ नाही. खरं सांगायचं तर तिला तो सरळ चालत आलेला तक्ता आवडायचा. लोकांच्या टाळ्याही आवडायच्या.

गेल्या वर्षी घराण्यानं डोंगरावरच्या थडग्यांपाशी लावायला नवा दगड करवून घेतला. काळा, गुळगुळीत, माणसाच्या उंचीचा. नावं लोरीननंच दिली होती. सायलस, मेहाला, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा एल्काना. अर्मिंटाचं नाव त्यावर कुठंच नव्हतं.

शनिवारी दुपारी दगड उभा केला. होबर्टनं त्यावर चादर बांधली. उद्या सगळ्यांसमोर ती काढायची होती.

"होबर्ट," लोरीन म्हणाली, "उद्या मी अर्मिंटाबद्दल दोन शब्द बोलू का?"

"झालं सुरू! इतकी वर्षं मढी उकरतेस, अजून पोट भरलं नाही तुझं?"

"मी आत्याला शब्द दिला होता रे."

"आत्या गेली. अर्मिंटा गेली. ऐकायला कोण बसलंय?" त्यानं गाठ घट्ट आवळली. "दगडावर कोरलंय ताई. आता तेच खरं."

*

संध्याकाळी भांडी घासून लोरीन पुन्हा डोंगरावर गेली. काम साधंच होतं. कडेच्या जुन्या थडग्यांवर नावं नाहीत. नुसते ओढ्यातले दगड रोवलेले, काहींवर तेही नाहीत. उद्या गर्दीत कुणी त्यांच्यावर पाय देऊ नये म्हणून दरवर्षी ती तिथं छोटी झेंडी खोचायची. अशी जागा सापडावी म्हणून आपल्याकडे तारा वापरतात. कपड्यांच्या हँगरच्या दोन तारा काटकोनात वाकवायच्या, मुठीत सैल धरायच्या आणि चालायचं. विहिरीसाठी पाणाडे वापरतात तशाच. खाली थडगं असलं की तारा एकमेकींवर आडव्या येतात. थडगं ओलांडलं की पुन्हा सरळ.

ऊन गेलं होतं, पण अजून दिसत होतं. अमावस्या दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे चंद्र नव्हता. गवतात काजवे चमकायला लागले होते. लोरीन एकेक पाऊल टाकत होती. तारा आडव्या. झेंडी. तारा सरळ. पुन्हा आडव्या. झेंडी.

असं करत ती कुंपणापाशी पोचली. अर्मिंटाच्या दगडापाशी.

तो दगड सगळ्यांत वेगळा. बाकीचे सगळे आत, थडग्यांकडे बघणारे. याची सपाट बाजू कुंपणाकडे. बाहेर. कुणाला तरी पाठ करून बसवल्यासारखा. गुडघ्याएवढा उंच आणि तेवढाच जमिनीत गेलेला. आमच्या खोऱ्यातली दोन तरणी पोरं एकदा त्याला सरळ करायला गेली होती. हललासुद्धा नाही.

लोरीननं तारा धरल्या.

तारा सरळच राहिल्या.

ती एक पाऊल मागे आली. पुन्हा पुढे गेली. काही नाही. दरवर्षी इथं तारा आडव्या यायच्या. दरवर्षी. तिनं हात पुसले. पुन्हा धरल्या.

काही नाही... खाली कुणी नसल्यासारखं.

दमले असेन, असं म्हणून ती वळली. दोन पावलं टाकली असतील. तारा आडव्या आल्या.

मोकळी जागा होती ती. तिथं कधीच कुणाला पुरलं नव्हतं. खोऱ्यातलं प्रत्येक थडगं तिला पाठ होतं. तिनं पुढे पाऊल टाकलं. तारा आडव्याच. आणखी एक पाऊल. आडव्याच.

ती थांबली.

रातवा ओरडायचा थांबला होता. बेडूकसुद्धा.

ती डावीकडे सरकली. तारा आडव्या. उजवीकडे... आडव्या. तिनं मूठ सैल केली, हात खाली झटकले, पुन्हा वर धरले. तारा सरळ झाल्या. हळूहळू फिरल्या. आडव्या.

तेव्हा तिच्या लक्षात आलं.

थडगं तिच्या पायाखाली होतं. ती जिथं जाईल तिथं.

"कोण...?" ती म्हणाली. पण कोण ते तिला ठाऊक होतं.

ती चालायला लागली. फाटकापर्यंत. आडव्या. फाटकाबाहेर खडीचा रस्ता. आडव्या. तारा टाकून द्याव्यात, एवढंही सुचलं नाही. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. मागे चादर फडफडत होती. वारा नव्हता.

"चुकलं माझं," ती पुटपुटली. "पणजी... चुकलं."

पहिल्यांदाच तिनं तिला पणजी म्हटलं होतं.

 पायाखालची माती मऊ लागली. नुकतं कुणाला तरी पुरल्यासारखी...

*

आजोबा थांबले. ब्रायलीनं पायऱ्यांवरून पाय वर घेतले होते.

"मग?" कोल्टननं हळूच विचारलं.

"मग ती इथं आली. गाडी तिथंच सोडून. चालत. तू बसलास ना, त्या पायरीशी उभी राहिली. हात पुढे धरलेले, तारा एकमेकींवर. चेहरा मेणासारखा. मी तारा घेतल्या. माझ्या हातात सरळ. तिच्या हातात दिल्या, आडव्या. माझ्या ओसरीखाली कुणाला पुरलंय रे?"

कुणी हसलं नाही.

"सगळं सांगितलं तिनं मला. ओव्हाचं, दिलेल्या शब्दाचं, तक्त्याचं. मी म्हटलं, 'लोरीन, तुला भीती कुणाची वाटते? तिची की होबर्टची?' ती म्हणाली, 'माझीच वाटते, आर्विलदादा. तिला सायलसनं एकदा पुरलं. मी दुसऱ्यांदा. आणि मी तर हसत हसत.' तुमच्या आजीनं कॉफी केली. लोरीननं ती घेतली नाही. उजाडेपर्यंत पाय वर घेऊन त्या खुर्चीत बसून होती."

"आणि दगड?" ब्रायली म्हणाली.

"तेच सांगतोय. उजाडल्यावर लोरीन आणि मी वर गेलो. दगड जागेवर होता. कुंपणाशी, बाहेर तोंड करून. मी हात लावून बघितला. दवानं ओला होता. हे नीट लक्षात ठेवा."

*

रविवारी दुपारी सगळे जमले. हॅम, बेकनमध्ये शिजवलेल्या शेंगा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. झाडाखाली टेबलं लावलेली, पोरं पळतायत, म्हातारे एकमेकांच्या कवळ्यांची चेष्टा करतायत. लोरीनच्या ताटातलं काही हललं नव्हतं. होबर्ट नवे बूट घालून आला होता. त्यानं चादर ओढली. टाळ्या पडल्या.

"आणि हे सगळं जिनं शोधून काढलं," तो म्हणाला, "ती आमची ताई! ये गं, बोल दोन शब्द. पण दोनच!"

लोरीन उठली. टेबलाला धरून उभी राहिली. 

"हा दगड खोटा आहे," ती म्हणाली.

होबर्टचं हसू तसंच तोंडावर राहिलं. "ताई, बस खाली."

"एल्काना सायलसचा मुलगा नव्हता. अर्मिंटाचा होता. आपण सगळे तिचे. हे नाव आपल्याला तिनं दिलं. मला ठाऊक होतं. मी मरणाऱ्या बाईला शब्द दिला होता, आणि मी... मी लिहिलं, मूलबाळ नाही." तिनं टेबलांवरून नजर फिरवली. "इथं एवढी माणसं बसली आहेत, आणि मी लिहिलं, मूलबाळ नाही."

एक लहान मूल रडायला लागलं, त्याला आईनं गप्प केलं. होबर्ट चादरीची घडी घालत राहिला. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

मग तुमची आजी उठली. तिनं टोपलीतलं एक मेणाचं फूल घेतलं, पांढरं, आणि म्हणाली, "चल लोरीन. तिला देऊन येऊ."

दोघी कुंपणाकडे गेल्या. आणि तिथंच उभ्या राहिल्या.

*

"का?" कोल्टन म्हणाला.

"दगड नव्हता."

आत टेबलावर मेणाचं एक फूल सुकता सुकता टक्कन वाजलं. सगळे दचकले.

"आम्ही सगळे वीस पावलांवर जेवत होतो. कुणी उठलं नव्हतं, कुणी काही ऐकलं नव्हतं. होबर्ट माझ्या समोरच उभा होता. कुंपणाशी साधा खड्डासुद्धा नव्हता. सपाट गवत. वर्षानुवर्षं तिथं काही नसावं, असं."

"मग गेला कुठं?"

"एल्कानाच्या शेजारी. त्याच्या थडग्याला चिकटून. गुडघ्याएवढा वर, तेवढाच आत. भोवतीचं गवत जुनं, मुळं धरलेलं. मी स्वतः खुरप्यानं उकरून बघितलं. ताजी माती कुठंच नव्हती."

"लोरीनआजी काय म्हणाली?"

"काही नाही. फूल ठेवलं. गुडघ्यांवर बसून राहिली. तारा मात्र तिनं पुन्हा हातात घेतल्या नाहीत. त्या इथं ओसरीवर खिळ्याला टांगल्या आहेत. होबर्टनं काळ्या दगडावरचं एक अक्षरही बदलू दिलं नाही. आणि लोरीन म्हणते, तो तसाच राहू दे. दरवर्षी तो वाचायचा, ही माझी शिक्षा."

 मग ब्रायलीनं विचारलं, "आजोबा, तो दगड अजून पाठ करूनच आहे का?"

आर्विलआजोबा उठले. गुडघे वाजले. त्यांनी दारावर हात ठेवला.

"उद्या बघ तूच," ते म्हणाले. "त्याची सपाट बाजू आता मुलाकडे आहे."