झिजेसकट

मिक्सरचं झाकण हरवलं होतं, आणि नक्कल्या ते शेडमध्ये शोधत होता. त्या घराची तशी रीतच होती. घरातली वस्तू शेडमध्ये सापडायची आणि शेडमधली कानस चमच्यांच्या डब्यात. झाकण काही मिळालं नाही. त्याऐवजी दारात दातवाले डॉक्टर उभे दिसले, काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी गोल घेऊन.

शेड म्हणजे फार मोठा कारखाना डोळ्यांसमोर आणू नका. घरामागं पत्र्याचा आडोसा, एक लांब टेबल, एक भट्टी म्हणावी असं गरम कपाट, आणि रेझिनचा वास, जो पाहुण्याला शिंका आणी आणि घरच्यांना भूक. इथं गाड्यांचे सुटे भाग नव्यानं बनायचे. पण कुठल्या गाड्यांचे? ज्या बनवून त्यांच्या कंपन्यासुद्धा विसरून गेल्या, अशा. दाराची मूठ, काचेभोवतीचं रबर, गिअरच्या दांड्यावरचा गोळा. जगात असे शौकीन असतात, की बायकोचा वाढदिवस विचारला तर आढ्याकडं बघतील, पण आजोबांच्या काळातल्या गाडीचं बटण पांढरं होतं की साईच्या रंगाचं, यावर दोन मित्र जन्मभर अबोला धरतील. नक्कल्याचं पोट अशाच लोकांवर चालायचं.

नाव नक्कल्या पडलं ते या कामामुळं. समोर मूळ भाग ठेवा, हा शेजारी दुसरा ठेवील आणि तुम्हालाच विचारील, यातला तुमचा कुठला? शेड मात्र त्याची नव्हे, सासऱ्यांची. सासरे गेले, शेड मुलीला मिळाली, आणि नक्कल्या आधीपासूनच शेडमध्ये असल्यामुळं तोही सामानात धरला गेला. बायकोला सगळे मालकीण म्हणायचे. तोही म्हणायचा, आणि तीही ओ द्यायची. साचे त्यानं करायचे, ओतकाम तिनं.

सासऱ्यांनी जाताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. जुना भाग आला की आधी त्याची झीज भरायची. पुट्टी लावायची, घासायची, नवा असताना होता तसा करायचा, मगच साचा घ्यायचा. "वापरणाऱ्याचा हात आपण विकत नाही," असं ते म्हणायचे. आणि दुसरं, भाग गाडीला बसला की पहिल्या फेरीला शेडमधलं एक माणूस शेजारच्या सीटवर बसणार. आपल्या कामावर दुसऱ्याचा जीव टांगायचा, तर त्याच्याबरोबर आपलाही.

डॉक्टरांनी चादर सोडली. आत स्टिअरिंग होतं. काळं, भेगाळलेलं, दोनतीन ठिकाणी आतली लोखंडी कडी उघडी पडलेली. पण बघणाऱ्याचं लक्ष भेगांकडं जात नव्हतं. दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे खळगे पडले होते, आणि पाठीमागं बोटांच्या खुणा, सुट्या सुट्या, जशा ओल्या मातीत उमटाव्यात. कुणीतरी हे स्टिअरिंग वर्षानुवर्षं धरलं होतं आणि जरा जास्तच घट्ट धरलं होतं.

डॉक्टर कौतुकानं सांगत सुटले. त्यांच्या स्वतःच्या गाडीचं स्टिअरिंग तडकलं होतं. तशीच एक गाडी डोंगराच्या रस्त्याखाली झुडपांत पडून होती, भंगारवाल्यानं ती वर काढली, त्यातलं हे. मालकिणीनं विचारलं, ब्रेक गेला होता का. डॉक्टर म्हणाले, छे, ब्रेक एकदम शाबूत, गाडी नुसती वळली.

"वळणावर वळली नाही, असं का?"

"नाही हो. वळली. जिकडं वळण नव्हतं तिकडं."

आणि एखाद्याचा शहाणपणाचा दात नीट निघाल्यासारखे हसले.

ते गेल्यावर नक्कल्यानं स्टुलावर बसून स्टिअरिंग हातात घेतलं. जुन्या चपलेत पाय जावा तसे हात खळग्यांत गेले. इतकं बरं वाटलं त्याला, की तो तसाच बसून राहिला, थोडं इकडं, थोडं तिकडं फिरवत. मालकिणीनं हाका मारल्या. शेवटी ओलं फडकं फेकून मारलं तेव्हा स्वारी भानावर आली. आणि तिथंच त्यानं चूक केली. भेगा भरल्या, खळगे ठेवले. झिजेसकट साचा घेतला.

मालकीण म्हणाली, बाबांनी काय सांगितलं होतं. तो म्हणाला, बाबांच्या काळात गिऱ्हाइकाचे लाड नव्हते. या नव्या स्टिअरिंगला जुन्या हाताची ऊब आहे, लोक वेडे होतील.

लोक वेडे झाले, हे खरं. पहिली प्रत गाडीला बसली आणि डॉक्टर अंगणातच तासभर नुसते गाडीत बसून राहिले, इंजिन बंद. खाली उतरले ते हात चोळत. म्हणाले, जणू माझ्यासाठीच केलंय. डॉक्टरांचे हात बारीक, नक्कल्याचे हात फावड्यासारखे. दोघांनाही तोच खळगा नेमका कसा बसतो, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. क्लबातल्या मित्रांसाठी आणखी दोन प्रती सांगून, गाडी पहिल्या फेरीपर्यंत अंगणातच ठेवून डॉक्टर गेले.

दुसरी प्रत साच्यातून काढली, तेव्हा नक्कल्यानं डोळे चोळले.

खळगे समोरासमोर नव्हते. एक वर सरकला होता, एक खाली. गाडी वळवताना हात होतात तसे. त्यानं साचा उघडून पाहिला. साच्यातले उंचवटे सरळ, समोरासमोर, जिथल्या तिथं. ओतीव भाग म्हणजे साच्याचं उलटं रूप, त्यात मनाचं काही घडत नाही. सरकलं तर सगळं सरकेल, नुसती पकड कशी सरकेल? आणि वास... रेझिनच्या वासाखाली दुसराच एक वास होता. ओल्या मातीचा, चुरगळलेल्या पानांचा आणि थोडा पेट्रोलचा. त्यानं ती प्रत पोत्याखाली ढकलली आणि मालकिणीला सांगितलं की साचा आवळायचा शिकंजा ढिला राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं फक्त. तिचं ते बघणं शिव्यांपेक्षा महाग पडायचं.

फेरीचा दिवस सुट्टीचा होता. दुपार कलायच्या आत डॉक्टर हजर, डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल, जसे काही विमान चालवायला निघालेत. म्हणाले, डोंगरावर जाऊन येऊ, हवा छान आहे. बसायची पाळी नक्कल्याची होती. पण तिसरी प्रत साच्यात होती आणि आणखी राहिली तर साच्याचं रबर फाटलं असतं. हे त्यानं सांगितलेलं कारण. न सांगितलेलं कारण असं, की त्या सीटवर त्याला बसायचंच नव्हतं. मालकिणीनं हात पुसले, पदर खोचला आणि डॉक्टरांशेजारी जाऊन बसली. जाता जाता म्हणाली, मिक्सरचं झाकण तेवढं बघा. गाडी फाटकातून बाहेर पडली.

नक्कल्यानं तिसरी प्रत काढली.

शेडमध्ये ऊन पत्र्याच्या भोकांतून आत आलं होतं, भरपूर उजेड. घाबरायला सोयीचं असं काहीच नव्हतं. त्यानं ती टेबलावर ठेवली, फडक्यानं पुसली आणि मग त्याचा हात थांबला.

पकड अजून फिरली होती. दोन्ही हात एका बाजूला पार ओढलेले, खळगे इतके खोल की आतली कडी लागेल. पण ते दोनच नव्हते. खालच्या बाजूला तिसरा हात होता. चालवणाऱ्याचा नव्हे. शेजारी बसलेल्यानं झडप घालून धरावा तसा, आडवा. लहानसा हात. त्यातली तर्जनी टोकाला आत वळलेली.

ती तर्जनी त्यानं लग्नापासून रोज बघितली होती. शिकंज्यात सापडून वाकलेली. मालकिणीची.

त्यानं तिला फोन लावला. फोन शेडमध्येच, फळीवर, पुट्टीच्या डब्याशेजारी वाजला. डॉक्टरांना लावला. डॉक्टर गाडी चालवताना फोन घेत नसत, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. रस्त्यावर पळावं, तर गाडी एव्हाना डोंगराला लागली असणार. नक्कल्या शेडच्या मधोमध उभा राहिला आणि त्याला काहीच सुचेना. तेव्हा त्यानं जे हाताला येत होतं ते केलं. पुट्टीचा डबा उघडला, पाटीवर गोळा काढला, हार्डनर पिळला आणि खळगे भरायला घेतले.

पहिल्या खळग्यात पुट्टी दाबली. ती परत वर आली.

त्यानं पुन्हा दाबली. खालून कुणीतरी अंगठ्यानं लोटावी तशी ती पुन्हा फुगून बाहेर आली, आणि तिच्यावर बारीक रेषा उमटल्या, अंगठ्याच्या. नक्कल्यानं आयुष्यात पुष्कळ जणांच्या खोड्या काढल्या होत्या. आपली कुणी काढावी, हे त्याला नवं होतं. स्टिअरिंग टेबलावर हळूच वळायला लागलं. त्यानं ते ओढून मांड्यांत धरलं, पुट्टी दाबायचा पत्रा टेकवला आणि सगळं वजन टाकलं. ते वळत होतं, तो धरत होता. घाम पुट्टीत पडत होता. "सोड," तो पुटपुटला. "सोड रे बाबा... तिचा काय संबंध..."

एक हात भरला. मग दुसरा. दुसरा भरताक्षणी मांड्यांमधला जोर एकदम गेला, आणि तो पुढं टेबलावर आपटता आपटता वाचला.

तिसऱ्यासाठी त्यानं पाटीकडं हात नेला, तर पुट्टीचा दगड झालेला. घाईत हार्डनर जास्त पडला होता. डब्यात बघितलं, तळाला नुसती खरवड. तो ती नखांनी काढत राहिला, पत्र्याच्या भोकांतलं ऊन टेबलावरून सरकून गेलं, आणि मग फाटकाशी गाडीचा आवाज आला.

डॉक्टर उतरले. टोपी नव्हती, रुमाल नव्हता. त्यांनी दोन्ही तळवे पुढं धरले होते, आणि तळव्यांवर राखाडी पुट्टी थापलेली होती, अजून मऊ. ही कुठून आली, असं त्यांनी अगदी लहान मुलासारखं विचारलं. नक्कल्यानं आपली नखं पाठीमागं लपवली.

बाकीचं मालकिणीनं सांगितलं, पाणी पिऊन झाल्यावर. वळण आलं, डॉक्टर वळवेनात. ती म्हणाली, डॉक्टर, अहो. ते हळू आवाजात म्हणाले की हात निघत नाहीत. मग गाडी दरीकडं वळायला लागली. तिनं झडप घालून स्टिअरिंग धरलं आणि उलट्या बाजूला ओढलं, आणि ते काही केल्या येईना, आणि मग एकदम डॉक्टरांचे हात सुटले.

"मग?"

"मग काय... मी धरून ठेवलं."

त्याच दिवशी स्टिअरिंग उतरलं. नक्कल्यानं मूळ आणि तिन्ही प्रती करवतीनं कापल्या, साच्याच्या रबराच्या चिंध्या केल्या, लोखंडी कड्या वाकवून वाकवून तोडल्या. डॉक्टरांनी गाडी तशीच, स्टिअरिंगवाचून, एका दुसऱ्या शौकिनाला देऊन टाकली आणि ते हल्ली दवाखान्यात चालत जातात. पेशंटना सांगतात, व्यायाम म्हणून.

मालकीण कामाला लागली. हात शाबूत, बोटं चालतात, ओतकाम पूर्वीसारखं. फक्त दुपारी जेवण झाल्यावर ती पडते ना जरा, तेव्हा डोळा लागला की तिचा उजवा हात वर येतो. हवेत, छातीच्या थोडा वर. बोटं अर्धी मिटतात, मधे काहीतरी जाड असल्यासारखी, आणि मनगट ताठ होतं. नक्कल्यानं तेल चोळून पाहिलं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, शीण आहे, जाईल. एकदा त्यानं शेजारी बसून तिची बोटं एकेक करून उघडायला घेतली. हात बर्फासारखा गार होता आणि दंडापर्यंत थरथरत होता, पलीकडून कुणी ओढत असल्यासारखा.

नक्कल्याला काही सुचलं नाही की तो थट्टा करतो. त्यानं वाकून तिच्या कानात विचारलं, काय मालकीणबाई, गाडी कुठं चाललीय?

तिनं डोळे उघडले नाहीत. रोजच्या आवाजात, जरा दमल्यासारखी, म्हणाली,

"बोट नका काढू हो... मी सोडलं तर ते वळेल."