चौघं एकदम कशी झोपली?

"ताई, पाय उचल! कोट वेळेवर पोचले नाहीत, तर मावशी आपल्यालाच शिवून टाकेल!"

भोंगा ओरडला. त्याचा आवाजच असा, की खऱ्या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. तो आणि त्याची मोठी बहीण कोशी सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशी शिवणकाम करायची. आज संध्याकाळी नाट्यगृहात गाणाऱ्या 'चौघडा' बँडचे कोट तिनेच शिवले होते. ते पोचवायला दोघं निघाली, तशी मावशीची आठ वर्षांची मुलगी पिटीही मागे लागली.

कोशीला त्या बँडची खडान्‌खडा माहिती!

"गायिका आणि गिटारवाला एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात जन्मले! आणि बासवाला नि ड्रमवाला, दोघांचाही सायकलवरून पडून एकच दात तुटलाय. डावीकडचा!"

"शंभरदा ऐकलंय गं!" भोंगा वैतागला.

नाट्यगृहाची वीज सकाळपासून गेली होती. मागच्या बोळात जनरेटर धडधडत होता. आतला व्हरांडा मात्र रिकामा होता, नि तिथे कसलातरी जळका वास कोंडला होता. मेकअपरूमला बाहेरून कुलूप! दाराच्या काचेतून कोशीने आत डोकावलं.

चौघंही खुर्च्यांवर माना टाकून पडली होती. गिटार जमिनीवर उलटी पडली होती.

"झोपलेत," पिटी कुजबुजली.

कोशीच्या अंगावर काटा आला. "ड्रमवाला दिवसा कधीच झोपत नाही. बाकीचे त्याला घुबड म्हणतात! आणि गायिकेला बंद खोलीत घुसमटतं. ती खिडकी लावूच देत नाही. बघ, दोन्ही खिडक्या बंद!"

"योगायोग असेल."

"चौघांचा? एकाच वेळी?"

भोंग्याने वर पाहिलं. बोळाकडच्या भिंतीतल्या जाळीतून निळसर धूर खोलीत उतरत होता. आता त्याचाही चेहरा उतरला.

"ए पोरांनो! काय चाललंय?" नाट्यगृहाचे मॅनेजर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आले.

"काका, आत जनरेटरचा धूर भरलाय! ते बेशुद्ध आहेत!"

"आराम करतायत ते! आवाज नको म्हणून खिडक्या मीच लावल्या. कुलूपही मीच घातलंय, तुमच्यासारखे घुसतात म्हणून. निघा!"

कोशी पिटीच्या कानात काहीतरी बोलली. पिटी बाहेरच्या दारापर्यंत पळत गेली नि तिथूनच किंचाळली, "टीव्हीवाले आलेत! मॅनेजरकाकांनाच विचारतायत!"

"मला?" मॅनेजरांनी जुडगा बाकावर ठेवला, दोन्ही हातांनी केस बसवले, कॉलर ताठ केली आणि तसेच फाटकाकडे धावले.

"भोंग्या, जनरेटर! पिटी, पलीकडच्या दवाखान्यातून डॉक्टर आण! पळ!"

कोशीने कोट बाकावर टाकले नि जुडगा उचलला. पहिली किल्ली लागेना. दुसरीही नाही. काचेपलीकडे गायिकेचा हात खुर्चीवरून घसरला आणि लोंबत राहिला. तिसरी किल्ली फिरली! श्वास रोखून ती आत घुसली आणि तिने खिडक्या धाडकन उघडल्या.

बोळात खुर्ची टाकून वायरमन पेपर वाचत होता. "बंद करा! माणसं मरतायत!" भोंग्याचा आवाज जनरेटरच्या वर चढला. वायरमनने दचकून खटका ओढला.

सगळीकडे एकदम शांतता पसरली. खोलीत कुणीच हललं नाही.

वायरमन धावत आला. मग तिघांनी मिळून एकेकाला खांद्याला धरून अंगणात ओढत आणलं. डॉक्टर ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन पोचले. गायिका खोकली. गिटारवाल्याने डोळे उघडले. मग बासवालाही कण्हला. ड्रमवाला मात्र निपचित! डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला. एक मिनिट गेलं, दोन गेली. पिटीने कोशीचा हात घट्ट धरला.

शेवटी त्याची छाती जोरात वर आली.

"आणखी पंधरा मिनिटं गेली असती, तर..." डॉक्टर म्हणाले. फाटकातून परतलेल्या मॅनेजरांकडे ते वळले. "या मुलांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही एकदा दार उघडून पाहिलं असतंत, तर काय बिघडलं असतं?"

मॅनेजरांनी मान खाली घातली.

"चौघं वाचतील," डॉक्टर म्हणाले, "पण मी फक्त ऑक्सिजन लावला. वाचवलं या तिघांनी. शाबास, पोरांनो!"

एवढ्यात बातमी ऐकून मावशी धापा टाकत आली. तिने तिघांनाही कवेत ओढलं. तेव्हा कुठे कोशीला रडू फुटलं.