बाबारावचा गिअर

तुम्ही हसलात तरी चालेल, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. संघदीप माझा मावसभाऊ, राहतो दिग्रसला. घडलं ते यंदाच्या मार्चमधल्या एका बुधवारी, तेही भर दुपारी.

संघदीप गुरांच्या सरकी ढेपेची पोती ढाणकीच्या दुकानांत पोचवायचा. ट्रक पुंडलिकरावांचा. ट्रक कसला, भंगारवाल्यानंही दोनदा विचार करावा असं धूड! एकवीस वर्षं ते बाबाराव ड्रायव्हरनं ओढलं आणि गेल्या पोळ्याला त्याच सीटवर जीव सोडला. मालकानं साधी सीटसुद्धा बदलली नाही, तशीच गाडी संघदीपच्या हाती दिली.

गाडीला एक खोड होती. तिसरा गिअर टिकायचा नाही, निसटायचा. म्हणून चढावर डावा गुडघा दांड्याला दाबून धरायचा. बाबाराव त्यानंच लंगडा झाला होता.

सहा महिन्यांत संघदीपही लंगडायला लागला.

त्याची बायको शीला हात धुऊन मागे लागली. "सोडा ते गाडी. तुमचं चालनं पाह्यलं का मले भेव वाटते. बाबारावच येऊन राह्यला, असं वाटते."

संघदीप असलं काही मानणारा नव्हे. पण बायकोची काळजी त्याला कळत होती. बुधवारची खेप शेवटची, असं त्यानं कबूल केलं.

ढाणकीला माल उतरवून तो रिकाम्या गाडीनं परत निघाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चढ लागला. त्यानं तिसरा टाकला, गुडघा टेकवला...

दांडा आधीच कुणीतरी दाबून धरलेला होता.

त्यानं पाय हळूच आखडून घेतला.

गिअर निसटला नाही.

मग खोकला ऐकू आला... कोरडा, दोन ठसक्यांचा. बाबारावचा.

शेजारची सीट रिकामी. संघदीपनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं.

पुन्हा खोकला...

या वेळी तो त्याच्याच घशातून आला.

कशीबशी त्यानं गाडी दिग्रसला आणली, किल्ली पुंडलिकरावांच्या हातात ठेवली आणि घरी निघाला. आपण घरीच निघालो होतो, हे त्यानं मला शपथेवर सांगितलं. पण उंबरठा ओलांडला तेव्हा आत तुळसाबाई तूर पाखडत बसली होती. बाबारावची विधवा.

तिनं मान वर केली नाही.

"लवकर आले आज? पाय धुवा. भाकर टाकतो मी."

संघदीपला सांगायचं होतं, मी संघदीप आहे म्हणून.

त्यानं पाय धुतले.

गाडी सोडून आता चार महिने झाले. तो एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. लंगडणं काही सुटलं नाही. शीला रोज संध्याकाळी चौकात उभी राहते आणि त्याला हाताला धरून घरी आणते.

मागच्या मंगळवारी तिला पाच मिनिटं उशीर झाला.

ती धावतच तुळसाबाईच्या घरी गेली. तो जेवत बसला होता. शीलानं हाक मारली तसं त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं... मग तुळसाबाईला हळूच विचारलं, "कोनाची पोरगी आहे हे?"

शीलानं हे मला फोनवर सांगितलं. रडतही नव्हती बिचारी.