तिसऱ्या मजल्यावरचा वास

"अल्पेश, चादर तुझी, दोरी माझी आणि खाऊ सगळ्यांचा!" सुयोगने गच्चीच्या कोपऱ्यात खडूने मोठा चौकोन आखला. "हा आपला तंबू. झकास ना?"

"खाऊ सगळ्यांचा म्हणजे खाणार तू एकटा," अल्पेश म्हणाला. "गेल्या वेळी माझे खाखरे कोणी संपवले होते?"

"ते हवेने उडाले यार!"

कांदिवलीच्या शिवकिरण सोसायटीत मे महिन्याची सुट्टी अशीच चालली होती. चौघांची टोळी होती. सातवीतला सुयोग, बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा मालवणी पोरगा. त्याच्याच वर्गातला अल्पेश, ज्याच्या गुजराती घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्याहून एक वर्षाने मोठी, शांत डोक्याची संघमित्रा. आणि वर्षभरापूर्वी मढच्या कोळीवाड्यातून चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेली कल्पिता.

ती कल्पिता आत्ता जिना चढून आली, पण तिने तंबूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्हीच बांधा तंबू. आम्ही बहुतेक इथून जाणार."

"काय?" तिघं एकदम ओरडले.

"जिन्यात वास येतो ना, तो म्हणे आमच्या मासळीचा. अनंतकाकांनी आईला सगळ्यांसमोर सांगितलं. रविवारच्या मीटिंगमध्ये ठरवणार, की आमच्या घरमालकाने दुसरे भाडेकरू बघावेत."

अनंतकाका सोसायटीचे सेक्रेटरी. काम उत्साहाने करायचे, पण दुसऱ्याचं ऐकायचं ही गोष्ट त्यांना जमत नसे.

"अगं, पण मासे आमच्याकडेही शिजतात!" सुयोग म्हणाला. "आम्हाला कोणी काही बोलत नाही."

"तुमच्याकडे शिजतात. माझी आई बाजारात बसून विकते," कल्पिता म्हणाली. "फरक आहे ना तेवढा."

संघमित्राने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही इथे आलो तेव्हा लोक आधी आडनाव विचारायचे, नाव मग. बाबा म्हणाले होते, गप्प बसायचं नाही आणि उगाच भांडायचंही नाही. विचारत राहायचं. आपणही विचारू. हा वास नक्की कसला आहे?"

दुसऱ्याच दिवशी कल्पिताच्या घरचे सगळे मामेबहिणीच्या हळदीसाठी मढला गेले. घराला कुलूप लागलं. आणि तरी जिन्यात वास होताच! उलट जरा वाढलाच होता.

सुयोग धावत अनंतकाकांकडे गेला. "काका, त्यांचं घर बंद आहे, तरी वास येतोय!"

"भिंतीत मुरलाय रे तो!" अनंतकाकांनी हात झटकला. "लहान आहेस तू. खेळायला जा."

रविवारी सकाळी कल्पिता परतली. तळहातावर मेंदी, पायांना नाचून नाचून गोळे आलेले. टोळी खालच्या बाकावर तिची वाटच पाहत होती.

"आज नाकाची परीक्षा!" संघमित्राने जाहीर केलं. "प्रत्येकाने घरातून सगळ्यात उग्र वासाची वस्तू आणायची. डोळे बांधून ओळखायची. मग वास डोक्यात ठेवून जिना चढायचा. बघू, कुठला वास कुठे जुळतो ते."

कल्पिताने सुकट, म्हणजे वाळवलेली मासळी, आणली. अल्पेशने बांची हिंगाची डबी आणली. बा म्हणजे त्याची आजी. संघमित्राने लसणाचा ठेचा आणला. सुयोग मात्र एक स्टीलचा डबा घेऊन हसत हसत आला. "हा माधुरीकाकूंनी दिला. अनंतकाकांच्या घरचा! आत काय आहे ते सांगणार नाही."

पहिला नंबर अल्पेशचा लागला. डोळ्यांवर रुमाल बांधताच त्याने नाकही दाबून धरलं.

"अरे, नाक दाबून काय ओळखणार?" आपला सुकटीचा डबा पुढे करत कल्पिता हसली. "खायची नाहीये, नुसती हुंग. नको असेल तर राहू दे हं, जबरदस्ती नाही."

अल्पेशने नाक सोडलं. घाबरत घाबरत श्वास घेतला. "अं... हा खारट आहे. उन्हासारखा. चौपाटीवर दोऱ्या पडलेल्या असतात ना, तसा!"

"बरोब्बर!" कल्पिताचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "आमच्या अंगणात सगळीकडे असाच वास असतो."

"मला वाटलं होतं, मी बेशुद्धच पडेन!"

मग सुयोग हिंगाला औषध म्हणाला आणि कल्पिताला ठेच्याने इतक्या शिंका आल्या, की झाडावरचे कावळे उडाले. तेवढ्यात अनंतकाका तिथून चालले होते. ते थबकले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"आली वाटतं मासळी! आल्या आल्या सुरू?"

"काका, कोणत्या डब्यात आहे?" संघमित्राने बंद डबे पुढे केले आणि झाकणं किंचित उचलली. "ओळखा ना!"

"त्यात काय ओळखायचं? हा!" अनंतकाकांनी ठामपणे बोट ठेवलं. "हाच! उग्र!"

सुयोगने झाकण उघडलं. आत मुळ्याची भाजी होती.

"तुमच्याच घरची आहे काका. काकूंनी सकाळीच केलीय."

अनंतकाकांचे कान लाल झाले. "आगाऊ कार्टी!" म्हणून ते तरातरा निघून गेले. चौघांची हसून हसून पुरेवाट झाली.

मग मोहीम सुरू झाली. चौघं डोळे मिटून, कठड्याला धरून, हुंगत हुंगत जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर फोडणीचा वास. दुसऱ्यावर उदबत्ती. तिसऱ्यावर मात्र सगळे एकदम थांबले.

"हा बघ! हाच तो!"

"सुकट नाही," अल्पेश छातीठोकपणे म्हणाला. आता तो जाणकार झाला होता!

"ओली मासळीही नाही," कल्पिता म्हणाली. "हे काहीतरी सडक्या कोबीसारखं आहे. आणि माझ्या घरासमोर नाही, इथे आहे. या फळ्यांच्या मागून येतंय."

तिसऱ्या मजल्यावर भिंतीलगतचे पाइप दिसायला वाईट दिसतात, म्हणून अनंतकाकांनी त्यावर नुकत्याच चकचकीत लाकडी फळ्या ठोकून घेतल्या होत्या. संघमित्राने फळीच्या फटीजवळ नाक नेलं आणि ती झटकन मागे सरली.

"गॅस!" ती कुजबुजली. "पाइपचा गॅस! शाळेत अग्निशमन दलाचे लोक आले होते ना, त्यांनी सांगितलं होतं. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून हा घाणेरडा वास मुद्दाम मिसळतात. कोणी बटणाला हात लावू नका. लिफ्ट नको, बेल नको, इथून फोनही नको! आधी खिडकी उघडा!"

अल्पेशने जिन्याची खिडकी सताड उघडली. चौघं खाली धावली. आणि खालचं दृश्य पाहून जागीच थबकली.

तळमजल्यावर एक वेल्डर आपलं मशीन उतरवत होता. शेजारी अनंतकाका उभे होते. "तिसऱ्या मजल्यावर चला. त्या खिडकीला जाळी बसवायची आहे."

वेल्डिंग म्हणजे ठिणग्या! आणि तेही तिसऱ्या मजल्यावर!

"काका, थांबवा! वर गॅस गळतोय!" संघमित्रा ओरडली.

"गॅस नाही, मासळी आहे ती! आज मीटिंगमध्ये बोलणारच आहे मी. चला हो, तुम्ही मशीन उचला."

"खरंच काका! आम्ही आत्ताच..."

"मघाशी चेष्टा केलीत, आता ही दुसरी! बाजूला व्हा."

वेल्डरने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. संघमित्राने सुयोगकडे पाहिलं. सुयोगने वेल्डरकडे पाहिलं. वेल्डरचा काळा मुखवटा मशीनवर ठेवलेला होता. पुढच्या क्षणी तो सुयोगच्या हातात होता आणि सुयोग फाटकाच्या दिशेने सुसाट सुटला होता!

"पकडा पकडा! माझा मास्क!" मशीन तिथेच टाकून वेल्डर त्याच्यामागे धावला.

"अरे कार्ट्या! थांब!" अनंतकाका वेल्डरच्या मागे धावले.

"थांबतो काका, पण रस्त्यापलीकडे!"

दोन मोठी माणसं इमारतीबाहेर गेली. आता बाकीच्यांना काढायचं होतं. संघमित्रा फाटकाबाहेर धावली आणि तिने मोबाइलवरून गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन लावला. अल्पेश आणि कल्पिता भराभर दारं ठोठावत सुटली.

"बा, नीचे चालो! गॅस छे!"

बा पटकन बाहेर आल्या आणि शेजारच्या दोन दारांवर स्वतःच थापा मारू लागल्या. सुयोगची आजी मात्र हलेना. "माझे आंबोळये करपतले!"

"आजी, शेगडी बंद करा! सुयोग कधीचा बाहेर गेलाय!" कल्पिताने सांगितलं. नातवाचं नाव ऐकताच आजी चपला न घालताच निघाली. बाकीचेही पोरंबाळं घेऊन भराभर उतरू लागले. वास वाढल्यामुळे अल्पेश आणि कल्पिताही दुसऱ्या मजल्यावरून मागे फिरली, तसेही वरचे लोक आरडाओरडा ऐकून आपणहून खाली येत होते.

आवारात सगळे जमले. ती गर्दी पाहून वेल्डर आणि अनंतकाकाही पळापळ सोडून परतले. कल्पिताने चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि ती दचकली.

"धोंडिराम आजोबा कुठे आहेत?"

धोंडिराम आजोबा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. जन्मापासून त्यांना ऐकू येत नव्हतं. दारावरची थाप त्यांना कळणार नव्हती. त्यांच्या दाराची बेल दाबली, की घरात दिवा लागायचा, पण आज बेलला हात लावणं म्हणजे आगीला बोलावणं! कल्पिता धावत निघाली, तर संघमित्राने तिचा हात घट्ट धरला.

"आत नाही जायचं! गॅसवाल्यांनी फोनवर बजावलंय."

"अगं, ही त्यांची चहाची वेळ आहे! त्यांनी काडी पेटवली तर?"

कल्पिता इमारतीच्या मागच्या बाजूला धावली. आजोबांची खिडकी तिकडे होती. खिडकीत आजोबांचे पिकलेले केस दिसत होते, पण मान वर्तमानपत्रात होती. सगळे "आजोबा! आजोबा!" म्हणून ओरडत होते. त्याचा काय उपयोग?

मढला किनाऱ्यावरून होडीतल्या माणसांना हाक पोहोचत नाही, तेव्हा बायका काय करतात, ते कल्पिताने लहानपणापासून पाहिलं होतं. तारेवर बांची लालभडक बांधणी वाळत होती. तिने ती ओढली.

"बा, घेऊ?"

"घे ने, बेटा! विचारते काय?"

कल्पिताने दोन्ही हातांनी साडी डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरात फिरवली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लाल हललं म्हणून आजोबांनी वर पाहिलं. आणि हसून हात हलवला! त्यांना वाटलं, पोरं खेळताहेत. ते उठून आत वळले.

"वाट लागली!" फाटकातून परतलेला सुयोग किंचाळला.

कल्पिताने साडी अल्पेशकडे फेकली. "तू फिरव! थांबू नकोस!" अल्पेश जीव खाऊन साडी फिरवू लागला. आजोबांनी नवल वाटून पुन्हा बाहेर पाहिलं. त्याच क्षणी कल्पिताने हातांनी बोलायला सुरुवात केली. नाक चिमटीत धरलं. काडी ओढल्याची खूण केली आणि जोरात नकारार्थी मान हलवली. मग दोन्ही हात स्फोटासारखे उघडले. शेवटी जमिनीकडे बोट. खाली या! ही भाषा तिला आजोबांनीच शिकवली होती, संध्याकाळी पायरीवर बसून गप्पा मारता मारता.

आजोबांचं हसू मावळलं. ते खिडकीतून दिसेनासे झाले. चहाला गेले, की जिन्याकडे? सगळे पुढच्या बाजूला धावले. बांनी डोळे मिटून हात जोडले.

आणि मग आजोबा जिन्याच्या दारातून बाहेर आले, हातात पाण्याने भरलेलं चहाचं भांडं तसंच धरून! कल्पिताने धावत जाऊन त्यांना मिठी मारली. अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं.

गॅसची गाडी आली. माणसांनी इमारतीचा गॅस बंद केला, वर जाऊन फळ्या उखडल्या. त्यांचा प्रमुख खाली आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता.

"फळ्या ठोकताना एक स्क्रू थेट पाइपमध्ये गेलाय. गळती रोज थोडी थोडी वाढत होती. कोणी लावल्या या फळ्या?"

"मीच," अनंतकाका पुटपुटले.

"आणि त्यावर आज वेल्डिंग करणार होतात?" प्रमुखाने जिन्यातल्या मशीनकडे बोट दाखवलं. वेल्डरने सुयोगच्या हातातला मुखवटा घेतला आणि त्याच हाताने त्याची पाठ थोपटली. "पोरा, तू चोरी केली म्हणून मी आज घरी जाणार."

तेवढ्यात कल्पिताची आई बाजारातून परतली. डोक्यावर पाटी तशीच होती. काय झालं ते सगळ्यांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. अनंतकाका गर्दीतून पुढे आले.

"मंजुळाबाई, चूक माझी आहे. वास आला आणि मी सरळ तुमच्या दाराकडे बोट दाखवलं. दुसरं काही असेल, असा विचारच केला नाही. आज त्यापायी सगळ्यांच्या जिवावर बेतलं होतं. मला माफ करा."

मंजुळाबाईंनी पाटी खाली ठेवली. त्या अनंतकाकांकडे वळल्या.

"अनंतभाऊ, आमचे घरान मासली शिजते, वास तर येनारच. त्याची लाज नाय वाटत मला. फकस्त पुढल्या टायमाला ठरवायच्या आधी इचारा. मी दार उघडीन."

"विचारेन," अनंतकाका म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून, नेहमीपेक्षा खूपच हळू आवाजात म्हणाले, "मीटिंगमधला तो विषय मी मागे घेतो. आणि या चौघांचे आभार कसे मानायचे, ते मला खरंच कळत नाही."

"शाबास पोरांनो!" बा म्हणाल्या. "कोणाचं नाक, कोणाचे पाय, कोणाचं डोकं, कोणाचे हात! एकाला नव्हतं जमणार हे."

"पण बा, तुमची साडी?" अल्पेशने हातातली चुरगळलेली बांधणी पुढे केली. तिचा एक काठ झुडपात अडकून फाटला होता.

"राहू दे तशीच. ज्याला त्याला दाखवीन मी!"

लोक टाळ्या वाजवू लागले. धोंडिराम आजोबांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर उंच नेले आणि पंजे झाडाच्या पानांसारखे भराभर हलवले.

"हे काय करतायत?" अनंतकाकांनी विचारलं.

आज त्यांनी खरंच विचारलं होतं. कल्पिता हसली.

"टाळ्या वाजवतायत काका. ज्यांना ऐकू येत नाही, ते अशा वाजवतात. दिसणाऱ्या टाळ्या!"

अनंतकाकांनी आजोबांचं चहाचं भांडं धरून उभ्या असलेल्या सुयोगच्या आजीकडे, मग आजोबांकडे पाहिलं. अवघडत अवघडत आपले हात वर केले आणि पंजे हलवले. मग मंजुळाबाईंनी केले. बांनी केले, वेल्डरने केले, गॅसवाल्यांनीसुद्धा. सगळं आवार एकदम शांत झालं आणि हवेत नुसते हातच हात झुलू लागले. धोंडिराम आजोबा आळीपाळीने सगळ्यांकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी बाहीने हळूच डोळे पुसले.