आरामाच्या दिवशी सायकल

वत्सलाच्या पत्राला हिरामणनं उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र, वर सौंसरचा शिक्का... तोही तिनंच मारलेला, कारण ती तिथल्या पोस्टात कारकून होती. मजकूर जेमतेम चार ओळींचा. ‘बुधवारी नागपूरचे पाव्हणे मले पाहाले येऊन राहिले. तुमच्या मनात काही असंन, तं त्याआधी लिहा. पत्र नाही आलं, तं तुमचं उत्तर नाही, असं समजीन.’

आज मंगळवार होता.

उत्तर लिहून आठ दिवस झाले होते, पण ते पांढुर्ण्याच्या घरी वहीतच पडून होतं. गुरुवारी छिंदवाड्याला वनरक्षकाच्या भरतीची दौड. नोकरी लागल्यावरच ‘हो’ म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बिनकामाच्या माणसानं कोणत्या तोंडानं हो म्हणायचं?

वत्सलाशी ओळख झाली तीही या दौडीपायीच. उन्हाळ्यात तो सौंसरला मावशीकडे राहून जामसांवलीच्या रस्त्यावर रोज पळायचा. एका सकाळी नडगी धरून दगडावर बसला होता, तर एक लेडीज सायकल करकचून थांबली.

“काऊन जी, दगड राखून राहिले का?”

“नाही... नडगी दुखते.”

“रोज पळता?”

“रोज.”

“मंग दुखणारच! मी खो-खो खेळलेली आहे, आइका माझं. हप्त्यातून दोन दिवस पळू नका, सायकल चालवा. दम वाढते, नडगीले आराम भेटते.”

त्यानं मावशीच्या घरची सायकल काढली. सीट पार खाली होती, ती तिनं वर करायला लावली. “पाय टेकवाले नाही, चालवाले आहेत,” म्हणाली. मग दर मंगळवारी नि शुक्रवारी संत्र्यांच्या बागांमधून दोन सायकली... ती पुढे, तो मागे. चढावर ती वळून बघायची, आणि चढ संपला तरी त्याची छाती धडधडतच राहायची.

आज पांढुर्ण्यात गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून होणारी दगडफेक. जाम नदीकडून आरोळ्या येत होत्या. वहीतलं पत्र खिशात घालून तो सौंसरच्या गाडीसाठी स्टँडवर आला, तर कंडक्टर म्हणाला, “संध्याकाळशिवाय गाडी नाही हालत, भाऊ.” संध्याकाळी पोस्ट बंद. तिच्या घरी कोणत्या नात्यानं जाणार?

राहिली सायकल. भरतीआधी दोन दिवस पायांना पूर्ण आराम, हा नियम वत्सलानंच घालून दिलेला. सौंसरपर्यंतची एवढी लांब वाट तुडवून पोटऱ्या आखडल्या, तर गुरुवार गेलाच. तरी त्यानं घरून सायकल काढली आणि पायडल मारलं.

पोस्टाच्या खिडकीशी पोचला तेव्हा साडेचार झाले होते. शर्ट अंगाला चिकटलेला, तोंडावर धूळ.

जाळीआडून वत्सला बघतच राहिली. “आज आराम होता न तुमचा?”

“हाव.”

“मंग?”

“उत्तर... आणलं.”

“आता? तोंडानं सांगा न!”

त्यानं ओठ उघडले. नुसती धाप बाहेर आली. तिनं मान फिरवली. “खिडकीत नाही घेत मी. पेटीत टाका, लोकांसारखं.” मग हळूच म्हणाली, “परवा धावता नाही आलं, तं?”

“भरती पुन्हा निघंन,” तो म्हणाला. “तुमी... नाही.”

भिंतीतल्या पेटीचं तोंड रस्त्याकडे, दार पोस्टाच्या आत. तो पायरी उतरला. पत्र फटीशी धरलं. आत अंधार होता... मग एकदम उजेड. कोणीतरी आतून दार उघडलं होतं, आणि काचेच्या बांगड्यांचा एक हात पत्राखाली पसरला होता.

त्यानं पत्र सोडलं.