तिसऱ्या गिअरवर

आमची गाडी आठशे सीसीची, जुनी, रंग उडालेली लाल. माझ्या बँकेतले लोक तिला काडेपेटी म्हणतात. पण सांगलीत गणपती पेठेच्या बोळांत त्यांच्या मोठ्या गाड्या अडकतात, तेव्हा मी हातगाड्यांच्या मधून निघून जाते आणि दोन स्कूटरींच्या जागेत गाडी लावून मोकळी होते. त्या गाडीनं मला फार सुख दिलं.

ताकद मात्र बेताची. त्यामुळं गाडीत किती माणसं आहेत ते मला मागं न बघता कळायचं. माझी नऊ वर्षांची मिस्बाह बसली तरी क्लच सोडताना फरक जाणवायचा. अब्बा शेजारी बसले की गाडी डावीकडं कलायची. अब्बा, म्हणजे याकूब, फौजेत ड्रायव्हर होते. चांगले जाडजूड. साताऱ्यात एकटेच राहायचे. चढ आला की स्वतःच हात पुढं करून एसी बंद करायचे. म्हणायचे, "बिचारीवर जरा रहम कर बेटा."

मार्चमध्ये ते आटपाडीकडं कोंडीबाकाकांकडं राहायला गेले. फौजेतली दोस्ती. एक दिवस काकांचा फोन आला.

"ताई, याकूबभाऊंना न्यायला या."

"बरं नाही का त्यांना?"

"बरं हाय. पर तुमी या."

माझा नवरा अजमल नोकरीला पुण्यात असतो. मी एकटीच निघाले. पोचले तेव्हा अब्बा अंगणात बाजेवर ताठ बसले होते. मला बघून हसले. काका मला गाडीपाशी घेऊन आले.

"रानात पडलं हुतं," ते हळू आवाजात म्हणाले. "म्या नाकाशी हात धरला. छातीला कान लावला. काय न्हाई. बायकूला चादर आणाय धाडलं. ती येस्तवर हे उठून बसल्यालं."

"चक्कर आली असेल, काका."

"आसंल." त्यांनी अब्बांकडं बघायचं टाळलं. "तवापास्नं जेवलं न्हाईत. झोपलं बी न्हाईत."

काकांच्या बायको, धोंडुबाई, निरोप द्यायलासुद्धा दाराबाहेर आल्या नाहीत.

अब्बा शेजारी बसले. दार लावल्याचा आवाज आला. गाडी कलली नाही.

भिवघाटाचा चढ आम्ही दोघं असलो की ही गाडी दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढायची. त्या दिवशी ती तिसऱ्यावर चढली. एसी चालू होता. अब्बांनी हात पुढं केला नाही. वारा मागून असेल, अब्बा वाळले असतील, असं मी मनाला समजावत राहिले. वाळलेले तर दिसत नव्हते.

घाट संपल्यावर मी गाडी थांबवली.

"उतरता का जरा? चाकातली हवा बघते."

ते उतरले. टायर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत मी बोटं घातली. फट तेवढीच राहिली. ते परत बसले. बोटं तशीच होती. पत्रा खाली आला नाही.

"काय बघतेस?"

"काही नाही."

"चल मग. मिस्बाह वाट बघत असेल."

मी त्यांना साताऱ्याला सोडलं नाही, सांगलीला घरीच आणलं. डॉक्टरांनी तपासलं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. गाडीचं मी त्यांना काय सांगणार? अब्बा ताटात अन्न चिवडत बसायचे. पण मिस्बाहला शाळेत सोडायला रोज बरोबर यायचे, मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसायचे. पोरगी खुश होती. माझे वडील माझ्या घरात होते. यापुढं काही विचारायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

जुलैत कृष्णा चढली. रविवारी दोघं घाटावर पाणी बघायला गेले. परत आले तेव्हा मिस्बाह नखशिखांत ओली होती.

"पाय घसरला," अब्बा म्हणाले. "मी काढली."

त्यांच्या पाठोपाठ घाटावरचा चहावाला नाथाजी तिची एक चप्पल घेऊन आला. अब्बा आत जाईपर्यंत तो थांबला.

"ताई, लय वेळ पाण्याखाली हुती पोरगी. नावाडी म्हणालं, आता न्हाई गावत. मग म्हातारं आत उतरलं. ते बी लय वेळ वर आलं न्हाई." पुढं बोलावं की नाही, असं त्याला झालं. "मग दोघं पायऱ्या चढून आली. चालत."

मी मिस्बाहला तसंच दवाखान्यात नेलं. सगळं ठीक होतं. घरी आल्यावर तिनं दुधाला हात लावला नाही.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, शाळेत जायचंच. दोघं मागं बसले. दारं लागली. मी क्लच सोडला.

गाडी सहज निघाली. मी एकटी असते तेव्हा निघते तशी.

पुलाचा चढ आला. तिसऱ्या गिअरवर गाडी वर गेली. मागं दोघं काहीतरी हळू आवाजात बोलत होते.

"मिस्बाह," मी म्हटलं.

"काय गं अम्मी?"

आवाज तिचाच होता.

पावसामुळं काचा वर होत्या. माझ्यासमोरची काच माझ्या श्वासानं धुरकट झाली. बाजूचीही. सिग्नलला थांबून मी ती फडक्यानं पुसली आणि मागं वळले.

दोघं माझ्याकडं बघून हसले.

त्यांच्या काचा स्वच्छ होत्या. बाहेरचा पाऊस अगदी स्पष्ट दिसत होता.